एक्केचाळिसावी फाइल

दहा पौंड बटाट्यांपैकी निम्मे सोलून झाले होते. साली सिंकमध्ये साचल्या होत्या, सोललेले बटाटे काळे पडू नयेत म्हणून मोठ्या पातेल्यात पाण्याखाली ठेवले होते, आणि उरलेले मातीसकट पिशवीतच होते. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात सूप असतं. या बुधवारची पाळी आर्डिस टेनहोफची होती आणि त्यासाठी तिने ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. खिडकीतून तिला नेल्डा रस्ता ओलांडताना दिसली, आणि हातातला बटाटा अर्धा सोललेलाच राहिला.

नेल्डा क्रेचमर समोरच्या घरातली. वय अठ्ठ्याहत्तर, पण अजून काठी नाही. तिचा नवरा व्हर्लिन अकरा दिवसांपूर्वी नाश्ता करता करता खुर्चीतच कलंडला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. परवा त्याला हॉस्पिटलातून घरी आणलं, ते बरं वाटलं म्हणून नव्हे. आता घरच्या पलंगावर असलेलं बरं, एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

नेल्डाला पाहताच आर्डिसने सोलण्या-चमचे ठेवायचा ड्रॉवर आत ढकलला. तो बंदच होता. तरी तिने तो कंबरेने आणखी दाबला.

त्या ड्रॉवरमध्ये, तळाला अंथरलेल्या कागदाखाली, एक लांब तपकिरी पाकीट सात आठवडे पडून होतं. ते व्हर्लिनचं होतं, आणि व्हर्लिनला त्याचा पत्ता नव्हता.

आर्डिस बावीस वर्षं खासदारांच्या संपर्क कार्यालयात काम करत होती. खासदार वॉशिंग्टनला असत, आणि आर्डिस इथे आयोवातल्या या गावात, शिवणयंत्रांच्या जुन्या दुकानाच्या जागेतल्या दोन खोल्यांत. या बावीस वर्षांत दोन खासदार झाले, तेही परस्परविरोधी पक्षांचे. पहिले हरले तेव्हा आर्डिसने पेट्या बांधल्या होत्या. नवे आले आणि म्हणाले, तुम्ही राहा, या भागात कुणाची गाय कुणाच्या कुंपणात शिरते तेही तुम्हाला ठाऊक आहे म्हणे. तेव्हापासून पक्ष हा शब्द तिच्या टेबलावर निघाला नाही. माणूस आला की ती खुर्ची पुढे करी, कॉफी विचारी आणि ऐकून घेई.

लोकांना वाटतं सरकार म्हणजे एकच घर. आर्डिसला ठाऊक होतं की ती तीन घरं आहेत आणि तिघांचे दरवाजे वेगळे. रस्त्यावरची खडी काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची. शाळा, गाडीचा परवाना, हरणांच्या शिकारीचा हंगाम हे राज्याचं. फौज, पासपोर्ट, म्हातारपणची पेन्शन हे वॉशिंग्टनचं. एक गृहस्थ दर वसंतात फोन करत आणि दारासमोर हरीण मरून पडलंय, खासदारांना सांगा म्हणत. आर्डिस त्यांना दरवर्षी त्याच मायेने काउंटीचा नंबर देई. पहिली दोन वाक्यं कानावर पडली की तिला कळे हे कुणाच्या दारातलं काम आहे. “हे आमचं नाही हो, हे राज्याचं,” असं ती इतक्या गोडीने सांगे की माणूस उलट आभार मानून फोन ठेवी. अशी बोळवण करणं ही तिची हातोटी होती, आणि तिला त्याचा अभिमान होता.

पण काम खरंच वॉशिंग्टनचं असलं, तर मग ती चिकटे. हरवलेला जन्मदाखला, अडकलेली पेन्शन, जपानात लग्न केलेल्या मुलाच्या बायकोचे कागद. माणसाने संमतीच्या अर्जावर सही केली की आर्डिस त्या त्या खात्याला खासदारांच्या नावाने पत्र टाके, आणि जे काम माणसाने दोन वर्षं धरणं धरूनही होत नव्हतं ते सहा आठवड्यांत होई. मग आभाराचं पत्र येई. ती पत्रं तिच्या टेबलामागच्या भिंतीवर टाचण्यांनी लावलेली असत. एकावर एक चढून भिंत जाड झाली होती. पत्रं खासदारांच्या नावाची असत, पण भिंत आर्डिसची होती, हे येणारा-जाणारा जाणून होता.

आणखी एक गोष्ट ती प्रत्येकाला न चुकता सांगे. वॉशिंग्टनमध्ये तुमची तीन माणसं आहेत. एक प्रतिनिधिगृहातला तुमचा खासदार, तुमच्या मतदारसंघाचा. आणि दोन सिनेटर, ते अख्ख्या राज्याचे. एका दारी काम झालं नाही तर दुसऱ्या दारी जा, लाजायचं कारण नाही.

यातलं दुसरं दार म्हणजे मॅक्सीन. मॅक्सीन नऊ वर्षं आर्डिसच्या शेजारच्या टेबलावर बसायची. मग चाळीस मैलांवरच्या मार्टिनडेल गावात सिनेटरांच्या कार्यालयात जागा निघाली. अर्ज दोघींनी केले होते, निवड मॅक्सीनची झाली. खासदाराला दर दोन वर्षांनी मतं मागावी लागतात, सिनेटरला सहा वर्षांनी. म्हणजे एक वर्ष सोडून दर नोव्हेंबरात आर्डिसला नोकरीची धास्ती असायची, आणि मॅक्सीन निवांत टर्की भाजत असायची. निरोपाच्या दिवशी आर्डिसने तिच्यासाठी अक्रोडाचा केक केला. केक उत्तम झाला होता. त्यानंतर पाच वर्षांत तिने मॅक्सीनला एकदाही आपणहून फोन केला नाही.

व्हर्लिनचं काम आलं ते गेल्या ऑक्टोबरात. त्याने साठ वर्षं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. कोरियाच्या लढाईत एकावन्न साली त्याच्या मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला, आणि थंडी पडली की अजून तो पाय ओढून चाले. पण जखमी शिपायाला मिळतं ते पदक त्याला मिळालंच नाही. कुठल्याशा तंबूतल्या दवाखान्यात नोंद राहिली असेल किंवा राहिली नसेल. गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये लाकडी फलकावर सगळ्यांची नावं आहेत, आणि जे जखमी झाले त्यांच्या नावापुढे पितळी तारा आहे. व्हर्लिनच्या नावापुढे तारा नव्हता. कागदाशिवाय तारा लावायचा नाही असा हॉलचा नियम होता, आणि तो व्हर्लिननेच सेक्रेटरी असताना केला होता. मग एकदा पत्त्यांच्या डावात कुणीतरी हसत म्हणालं होतं, व्हर्लिनचा पाय ट्रॅक्टरवरून पडून मोडला असेल. त्याला पंचवीस वर्षं झाली. व्हर्लिन तेव्हा हसला होता, आणि हातातली पानं खाली ठेवून घरी आला होता.

“मेल्यावर लावतील तारा,” तो आर्डिसच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला होता, “पण तेव्हा मला दिसायचा नाही. मला तो बघायचाय, एवढंच. त्यावर काही भाषण नको.”

तिने त्याच टेबलावर त्याची सही घेतली. ईस्टरपर्यंत पदक आणून देते, असं ती पुढल्याच रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना चार बायकांसमोर बोलून गेली. कुणी विचारलं नव्हतं.

आता त्या रस्त्याबद्दल. टेनहोफांचं घर आणि क्रेचमरांचं घर समोरासमोर, पण मधला रस्ता म्हणजे दोन काउंट्यांची हद्द. त्याने तीस वर्षांत काही बिघडलं नव्हतं. बर्फ काढणारी गाडी एका काउंटीची आधी यायची, दुसरीची नंतर, आणि व्हर्लिन आर्डिसचा नवरा गेलन याला म्हणायचा, तुमच्याकडे सरकार आहे, आमच्याकडे नुसता बर्फ. खासदार मात्र दोन्ही घरांचे एकच होते.

मग दर दहा वर्षांनी होते ती शिरगणती झाली. आयोवात माणसं कमी झाली नव्हती, पण दुसऱ्या राज्यांत फार वाढली. प्रतिनिधिगृहात खुर्च्या चारशे पस्तीसच, त्या काही वाढत नाहीत. म्हणून आयोवाच्या पाचांपैकी एक खुर्ची गेली. खुर्च्या वॉशिंग्टनच्या, पण मतदारसंघांची रेघ मारायची पेन्सिल राज्याच्या हातात. राजधानीत नवा नकाशा आखला गेला, राज्याच्या दोन्ही सभागृहांनी होकार दिला, राज्यपालांनी सही केली. इथे काउंटी तोडत नाहीत, अख्ख्या काउंट्या जोडून मतदारसंघ करतात. त्यामुळे नवी रेघ आली ती हद्दीच्या रस्त्यावरून, बरोबर मधून. पश्चिमेचे टेनहोफ जुन्या खासदारांकडे राहिले. पूर्वेचे क्रेचमर दुसऱ्याकडे गेले.

गेलनला त्याची मोठी मजा वाटली. पत्रपेटी रस्त्याच्या पलीकडे होती, तेव्हा रोज टपाल आणायला जाताना तो सांगून निघायचा, परदेशी जाऊन येतो.

निवडणूक नोव्हेंबरात झाली आणि नवी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, तीन जानेवारीला बसली. त्या दिवसापासून व्हर्लिन आर्डिसचा राहिला नाही. नियम साधा होता. पलीकडे गेलेल्या माणसांना कळवायचं, त्यांची संमती घ्यायची आणि फाइल नव्या खासदारांच्या कार्यालयाला द्यायची. अशा एक्केचाळीस फाइली होत्या. आर्डिसने चाळीस फोन केले, चाळीस पत्रं लिहिली, चाळीस फाइली दोन खोक्यांत भरून स्वतः गाडीने पोचवल्या. एक्केचाळिसावी टेबलाच्या खणात राहिली.

तिने स्वतःला सांगितलं की उत्तर आता कोणत्याही दिवशी येईल. पदक आलं की रस्ता ओलांडून द्यायचं, कोण विचारतंय ते कुठल्या खासदाराच्या पत्राने आलं.

जानेवारीच्या शेवटी उत्तर आलं. व्हर्लिनचे फौजेचे कागद सेंट लुईसच्या गोदामात होते, आणि त्र्याहत्तर साली तिथे लागलेल्या आगीत लाखो शिपायांचे कागद जळले, त्यांत त्याचेही गेले. आता दुसऱ्या दप्तरांतून शोधायचं तर सोबतची प्रश्नावली भरून पाठवा, असं त्या पत्रात होतं. कंपनी कुठली, रेजिमेंट कुठली, जखम कोणत्या महिन्यात झाली, कोणत्या दवाखान्यात नेलं. म्हणजे पाच मिनिटांचं काम होतं. रस्ता ओलांडायचा, व्हर्लिनला विचारायचं, लिहून घ्यायचं.

पण लिहून घेतल्यावर पाठवायचं कुणी? आर्डिसला आता ते खासदारांच्या नावाने पाठवता येत नव्हतं. व्हर्लिनला सांगावं लागलं असतं की तीन आठवडे मी तुमची फाइल दाबून बसले, आता तुम्ही पलीकडच्या कार्यालयात जा. किंवा मॅक्सीनकडे जा. सिनेटर तर अख्ख्या राज्याचे, रेघ कुठूनही जावो. एक फोन केला असता तर मॅक्सीनने त्याच दिवशी फाइल उघडली असती. हे आर्डिसने बावीस वर्षांत शेकडो माणसांना तोंडपाठ सांगितलं होतं. आपल्या शेजाऱ्याला तेवढं सांगितलं नाही. व्हर्लिनचं आभाराचं पत्र मॅक्सीनच्या भिंतीवर लागलेलं तिच्या डोळ्यांसमोर येई, आणि फोनकडे गेलेला हात मागे येई.

ऑफिसात ते पाकीट सापडेल म्हणून ती ते घरी घेऊन आली. आज नाही तर उद्या विचारू, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलं. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून पापांची कबुली द्यायची असते, केलेल्या वाईटाची आणि करायच्या राहून गेलेल्या चांगल्याची. ती दर रविवारी बाकीच्यांबरोबर ते शब्द म्हणे. व्हर्लिन दोन बाकं पुढे बसलेला असे. त्याच्या मानेकडे बघत ती म्हणे.

आणि मग अकरा दिवसांपूर्वी व्हर्लिनची वाचा गेली. ज्या एका माणसाला ती उत्तरं ठाऊक होती, त्याच्या तोंडून आता ती यायची नव्हती.

नेल्डा आत आली. दार वाजवायची पद्धत नव्हतीच. तिने कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाह्या वर केल्या आणि म्हणाली की गेलनने तिला घरातून हाकललंय. मी बसतो व्हर्लिनपाशी, तू जरा मोकळ्या हवेत जा, म्हणाला. पण मोकळ्या हवेत चिखल आहे, म्हणून ती बटाटे सोलायला आली होती.

“सोलणी कुठे ठेवतेस गं तू? याच ड्रॉवरमध्ये ना?”

“थांबा, मी देते.” आर्डिसने आपल्या हातातली सोलणी पुढे केली. “ही घ्या. मला सुरी बरी पडते.”

“सुरीने तू अर्धा बटाटा सालीबरोबर टाकतेस. तीस वर्षं बघतेय मी.” तरी नेल्डाने सोलणी घेतली आणि बसली.

दोघी कामाला लागल्या. नेल्डाने व्हर्लिनचं सांगितलं. डावा हात चालतो, माणसं ओळखतो, आवडलं नाही की डोळे मिटून घेतो. पास्टर येऊन प्रार्थना करून गेले तेव्हा उघडे ठेवले होते, पण त्यांनी गाणं सुरू केल्यावर मिटले. ती हसली, आणि हसताना पाण्यात बघत राहिली. डॉक्टरांनी ईस्टरपर्यंतचं काही सांगता येत नाही असं म्हटलं होतं. ईस्टर अडीच आठवड्यांवर होता.

“मला तुला त्रास द्यायचा नव्हता,” नेल्डा म्हणाली. “तू करतेयस हे माहीत आहे आम्हाला. पण त्या पदकाचं काही कळलं का?”

आर्डिसला उत्तर शोधावं लागलं नाही, कारण ते बावीस वर्षं जिभेवर तयार होतं. “वॉशिंग्टनचं काम आहे, नेल्डा. तिथे वेळ लागतो.”

ते म्हणून झालं आणि तिने मान खाली घातली. पूर्वी हे वाक्य खरं असायचं, निदान खोटं तरी नसायचं. वॉशिंग्टनने चार महिन्यांत उत्तर दिलं होतं. वेळ लागला होता तो या स्वयंपाकघरात.

“हो, लागणारच,” नेल्डा म्हणाली. तिने लगेच मान्य केलं. वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं आर्डिसला वाटलं. “मी व्हर्लिनला तेच सांगते. आणि हे घे. तो कोटाच्या खिशात ठेवून फिरत होता, हॉस्पिटलात कपडे दिले तेव्हा मला सापडलं. तुझ्या भिंतीसाठी आहे.”

हात पुसून तिने कोटातून चौघडी घातलेला कागद काढला. वहीचा रेघांचा कागद होता, त्यावर मोठी सुटी अक्षरं, प्रत्येक अक्षर वेगळं आणि जरा हललेलं. वर सव्वीस डिसेंबरची तारीख होती. आर्डिसने तो घेतला, कारण न घेण्याचं काही कारण सांगता येईना.

व्हर्लिनने लिहिलं होतं की हे पत्र पदक आल्यावर लावायचं, पण हात थरथरतो आणि पुढे आणखी थरथरेल, म्हणून आत्ताच लिहून ठेवतोय. पुढे लिहिलं होतं: “नेल्डा म्हणते, जानेवारीपासून आपण दुसऱ्या खासदाराचे. मी तिला सांगितलं, दुसरीकडे जायचं असतं तर आर्डिसने सांगितलं असतं. ती सगळ्यांना सांगते. आपल्याला सांगितलं नाही, म्हणजे तिच्याकडे काम नीट चाललंय. रस्ता मधे आला तरी तू आम्हाला सोडलं नाहीस, त्याबद्दल आभार.”

खाली त्याने सही केली होती, चिठ्ठीवर करतात तशी नव्हे. आधी नाव, मग शिपायाचा हुद्दा, त्याखाली ‘जी’ अक्षराची कंपनी, बटालियन आणि रेजिमेंटचा आकडा. वरिष्ठांना अर्ज करताना करायला शिकवलेली सही होती ती, साठ वर्षांपूर्वी शिकलेली.

आर्डिसने सुरी खाली ठेवली. ती उठली आणि तिने ड्रॉवर ओढला. सोलण्या, चमचे, बाटलीचं बूच काढायचं पितळी हत्यार, सगळं तिने एकेक करून ओट्यावर ठेवलं. त्याची गरज नव्हती, कागद नुसता उचलताही आला असता. पण तिला तेवढा वेळ हवा होता. मग तळाचा कागद उचलून तिने पाकीट काढलं आणि नेल्डासमोर टेबलावर ठेवलं.

“हे चोवीस जानेवारीला आलं,” ती म्हणाली. “व्हर्लिन तेव्हा बोलत होते.”

नेल्डाने चष्मा लावला. पत्र वाचलं, मग प्रश्नावली वाचली, मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आर्डिस उभीच होती. तिने सगळं सांगितलं. चाळीस फाइलींचं सांगितलं, एक्केचाळिसावीचं सांगितलं, मॅक्सीनचं सांगितलं. भिंतीचं सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की नेल्डाला पुन्हा विचारावं लागलं, आणि आर्डिसला ते वाक्य दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणावं लागलं. मला ते पत्र माझ्या भिंतीवर हवं होतं, असं ते वाक्य होतं.

नेल्डाने प्रश्नावली पुन्हा हातात घेतली. तिच्या पुढ्यातल्या बटाट्याला चिरलेल्या जागी लाल डाग येऊ लागला होता.

“कंपनी कुठली,” तिने प्रश्नावलीतलं पहिलं वाचलं. “तो मला रात्रंदिवस सांगायचा. मी म्हणायचे, आता पुरे कर, जेवण गार होतंय. मला एक अक्षर आठवत नाही.” मग ती म्हणाली, “तू त्याच्या पुढ्यात बसून कॉफी पीत होतीस, आर्डिस. अगदी तो पडेपर्यंत. तुझ्या पर्समध्ये पेन होतं.”

“हो.”

“मॅक्सीनने केलं असतं हे?”

“एका दिवसात.”

“आणि तुला ते माहीत होतं.”

“हो.”

नेल्डाने चष्मा काढला. आर्डिसला वाटलं ती आता कोट घेईल, रस्ता ओलांडेल आणि यापुढे दार वाजवून येईल, किंवा येणारच नाही. त्या शिक्षेची तिने मनात तयारीही केली. ती शिक्षा झाली असती तर तिला हलकं वाटलं असतं, हेही तिच्या लक्षात आलं, आणि त्याचीही लाज वाटली.

तिने व्हर्लिनचं पत्र टेबलावर नेल्डाकडे सरकवलं आणि शेवटच्या तीन ओळींवर बोट ठेवलं. कंपनी, बटालियन, रेजिमेंट. पहिले दोन प्रश्न सुटत होते. महिना आणि दवाखाना राहत होता.

नेल्डाने वाचलं. तिचे ओठ हलले. “डाव्या हाताने तो होय-नाही करतो,” ती हळूच म्हणाली. “महिने बाराच असतात. एकेक विचारीन. दवाखान्याचं बघू.”

मग ती एकदम कामाच्या आवाजात बोलायला लागली, चर्चच्या तळघरात बोलायची तशा. पेन दे म्हणाली. प्रश्नावलीत आपल्या हाताने तिन्ही ओळी उतरवून घेतल्या, आकडा दोनदा ताडून पाहिला. आता पुढे काय लागतं ते विचारलं. आर्डिसने सांगितलं की सिनेटरांच्या कार्यालयाचा संमतीचा अर्ज वेगळा असतो आणि त्यावर व्हर्लिनची नवी सही लागेल. डाव्या हाताची फुली आणि दोन साक्षीदार चालतात का, ते मॅक्सीनला विचारावं लागेल. फोनवर विचारता येईल, असं आर्डिस म्हणाली.

“फोनवर नाही,” नेल्डा म्हणाली. “तू तिच्यासमोर जाऊन उभी राहा. मला जसं सांगितलंस तसं तिलाही सांग. सात आठवडे पाकीट कुठे होतं ते ती विचारेलच, तेव्हा ती फाइल वर ठेवेल की खाली हे त्या उत्तरावर ठरेल. लपवलंस तर मला कळेल.”

“माझं सूप,” आर्डिस म्हणाली, आणि म्हणताक्षणी वाटलं की काय हे बोलले.

“सूप मला येतं. तू येण्याआधी मीच करत होते चर्चमध्ये.” नेल्डाने सोलणी उचलली. “गेलनला सांगते पातेलं न्यायला. तिथे लोकांनी विचारलं तर काय सांगू?”

ऑफिसचं काम निघालं, एवढं चाललं असतं. कुणाला शंका आली नसती.

“व्हर्लिनचं काम मी अडवून ठेवलं होतं आणि ते आता मार्गी लावायला गेले, असं सांगा.”

“मी नाही सांगणार. माझ्या तोंडून ते चहाडीसारखं होईल.” नेल्डा बटाट्याकडे बघत होती. “तू पुढच्या बुधवारी ये आणि सांग. त्या चार बायकांना सांग, ज्यांना ईस्टरचं सांगितलं होतंस.”

तिने व्हर्लिनचं पत्र पुन्हा चौघडी केलं, आधीच्याच घड्यांवर, बोटाने दाबून. आर्डिसला वाटलं ती ते पुढे करेल. नेल्डाने ते खुर्चीवरच्या कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि वरचं बटण लावलं. मग पिशवीतून नवा बटाटा घेतला, नळाखाली धरला आणि सोलायला लागली. साल लांब, पातळ, न तुटता खाली उतरत होती.

घड्याळात सव्वादोन झाले होते. आर्डिसने एप्रन काढून खिळ्याला अडकवला, प्रश्नावली पाकिटात घातली आणि गाडीची किल्ली घेतली. मार्टिनडेलला पोस्टाच्या वरच्या मजल्यावर मॅक्सीनचं ऑफिस आहे, आणि ते पाचला बंद होतं. तिथून संमतीचा कोरा अर्ज आणायचा होता.